घर कोणाच्या पावलांनी चालावे?

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी, अशी ही जोडगावे आहेत. दोहोंची नगरपरिषद एक, परंतु नावे दोन. आणि दोन्ही नावे एकत्र घेतल्यावाचून कोणाचे चालत नाही. या अष्टमीतील एका ख्रिस्ती घरात गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडी एक प्रश्न उत्पन्न झाला. तो आज आपल्या पुष्कळ घरांत उत्पन्न होत आहे, आणि आम्ही पाळक व उपदेशक त्यावर बहुधा घाईने उत्तर देतो. मीही तसेच दिले. ते उत्तर चुकले होते असे आता मला वाटते. म्हणून हा प्रश्न वाचकांपुढे मांडून त्यावर सावकाश विचार करण्याचे योजिले आहे.

हकीकत अशी. या घरी एक विधवा आई, तिचा एकुलता मुलगा आणि सून अशी तीन माणसे. मुलगा धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सात वर्षे कामास असून कायम झालेला. सून परिचारिकेचे शिक्षण घेतलेली. लग्नास दोन वर्षे झालेली. सून जवळच्या एका लहान दवाखान्यात अल्प वेतनावर काम करीत असे. तिला पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयातून नेमणुकीचे पत्र आले. वेतन नवऱ्याच्या वेतनाहून अधिक, आणि काम ज्यासाठी ती शिकली होती तेच. परंतु तेथे जावयाचे तर नवऱ्याने कायमची नोकरी सोडावी लागणार, आणि आईने एकतर घर सोडावे किंवा मुलगा सोडावा.

मंडळीतील वडील माणसांनी मला निरोप पाठविला, 'पाळकसाहेब, मुलीला चार शब्द सांगा.' मी गेलो. चहा झाला. स्त्रीचे पहिले कर्तव्य घर राखणे, घरातील शांतीहून मोठे वेतन नाही, इत्यादी जे सांगावयाचे ते मी सांगितले. मुलीने सर्व ऐकून घेतले आणि अत्यंत नम्रपणे विचारले, 'पाळकसाहेब, हेच पत्र ह्यांच्या नावे आले असते, तर तुम्ही ह्यांना काय सांगितले असते?'

मला उत्तर देता आले नाही. कारण त्याच्या आदल्या वर्षी आमच्याच मंडळीतील एक तरुण मुंबईस नोकरी लागली म्हणून निघाला होता. त्याच्या पत्नीने गावच्या बालवाडीतील आपले काम त्यासाठी सोडले. मी त्या दोघांस उपासनेत पुढे बोलाविले, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि मंडळीने त्यांस हर्षाने निरोप दिला. त्या पत्नीस काय वाटते हे मी विचारले नाही; कोणीही विचारले नाही. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात, एका पिशवीत लहान व मोठे अशी दोन वजने बाळगण्यास देवाने मना केले आहे. ती आज्ञा वाण्याच्या दुकानासाठी आहे असे मी आजवर समजत होतो. त्या दिवशी परत येताना ती दोन वजने माझ्याच झोळीत असल्याचे मला दिसले.

तर प्रश्न हा : पती आणि पत्नी या दोघांसही काम असेल, आणि एकाच्या कामासाठी घर हलवावे लागत असेल, तर घराने कोणाच्या पावलांनी चालावे? आणि जे मागे राहतात त्यांचे काय?

हा प्रश्न आपल्या वडिलांपुढे याच रूपात आला नव्हता, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढल्या, आणि कोकणातील हजारो पुरुष बोटीने व पायी मुंबईस गेले. परंतु ते बहुधा एकटे गेले. एका खोलीत दहा-पंधरा गाववाले राहत, खानावळीत जेवत, आणि बायको गावी सासूसासऱ्यांजवळ राहून भाताची शेती व गुरे सांभाळी. शिमग्यास, गणपतीस किंवा नाताळास चार दिवस नवरा घरी येई. या रीतीने गावाचे घर मोडले नाही हे खरे; परंतु नवराबायकोचे घर उभेही राहिले नाही, हेही तितकेच खरे. आयुष्याची तीस वर्षे लग्न झालेली माणसे पत्रांवर आणि मनीऑर्डरीवर जगली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर तो धंदा हळूहळू बंदच पडला, तेव्हा पुष्कळ म्हातारे गावी परत आले. त्यांना आपल्याच पत्नीशी नव्याने ओळख करून घ्यावी लागली. 'पूर्वी बायका घर धरून राहत, म्हणून सर्व ठीक होते,' असे जे आपण म्हणतो, त्यात त्या बायकांची साक्ष आपण घेतलेली नसते.

आज दोघांनी मिळून शहरात जाणे ही नवी गोष्ट आहे, आणि ती मुळात वाईट नाही. वाईट होते ते दोन प्रकारे : एक, जेव्हा ती बळाने होते, आणि दुसरे, जेव्हा मागच्यांस विसरून होते. या दोहोंचा आपण क्रमाने विचार करू.

आता कोणी म्हणेल, पुरुष हा स्त्रीचे मस्तक आहे असे पौल इफिसकरांस लिहितो. तेव्हा घर त्याच्याच पाठीमागे चालावे. हे वचन मी मानतो. परंतु तोच पौल पुढच्याच ओळींत ते मस्तक कशा प्रकारचे ते सांगतो : ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून तिच्यासाठी स्वतःस दिले, तसे. ख्रिस्ताचे मस्तकपण हुकुमात दिसत नाही, ते पाय धुण्यात दिसते. म्हणून जो पती 'मी मस्तक आहे, यास्तव तुझे काम सोड' असे म्हणतो, त्याने अगोदर आपण काय सोडले आहे ते दाखवावे. मस्तकपण मिळते ते देण्याचा पहिला मान म्हणून, घेण्याचा पहिला हक्क म्हणून नव्हे.

याउलट कोणी म्हणेल, जिचे वेतन अधिक तिच्या पाठीमागे घर जावे. हेही मला मान्य नाही. वेतन हे मस्तक नव्हे. आज पत्नीचे वेतन अधिक म्हणून घर तिच्या पाठीमागे गेले, आणि उद्या नवऱ्याचे वाढले म्हणून परत फिरले, तर त्या घराचा धनी पती नव्हे, पत्नी नव्हे आणि प्रभूही नव्हे, तर पैसा होय. आणि दोन धन्यांची चाकरी करता येत नाही हे आपण लहानपणापासून शिकलो आहो.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील लग्नाचे वचन आपण प्रत्येक विवाहविधीत वाचतो, परंतु ते आपल्या रीतीस किती उलटे आहे हे आपल्या लक्षात येत नाही. आपल्या देशात मुलगी आईबापांस सोडते. तिला निरोप देताना सर्व रडतात, आणि मुलगा मात्र आपल्या जागी बसून राहतो. शास्त्र काय सांगते? तेथे आईबापांस सोडणारा पुरुष आहे. सोडण्याची पहिली आज्ञा त्याला आहे. याचा अर्थ त्याने आईबापांस टाकावे असा मुळीच नाही. त्याविषयी पुढे बोलू. परंतु 'बायकोच्या पदराला धरून गेला', 'ताटाखालचे मांजर झाला' असे जे टोमणे आपल्या पारावर आणि, सांगण्यास लाज वाटते, उपासनेनंतर मंदिराच्या पायऱ्यांवर ऐकू येतात, त्यांना शास्त्राचा काहीएक आधार नाही. ते टोमणे जुन्या जगाचे आहेत. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ते बुडावयास हवे होते, परंतु ते आपल्याबरोबर पोहून बाहेर आले.

नव्या शहरात घर मांडणाऱ्या जोडप्याचे उदाहरण नव्या करारातच आहे. अक्विल्ला हा मूळचा पंत प्रांतातील यहूदी. त्याची पत्नी प्रिस्किल्ला. क्लौद्य कैसराने यहूद्यांस रोम सोडून जाण्याचा हुकूम केला, तेव्हा, म्हणजे इसवी सन ४९ च्या सुमारास, ही दोघे करिंथास आली. तंबू करण्याचा धंदा दोघांचा. पौल त्यांच्या घरी उतरला आणि त्यांच्याबरोबर हाताने काम करू लागला. पुढे ती पौलाबरोबर इफिसास गेली, पुढे पुन्हा रोमेस गेलेली आढळतात. आणि जेथे गेली तेथे त्यांच्या घरात मंडळी भरू लागली. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा वेळा आहे, आणि सहाही वेळा दोघांची नावे बरोबर आहेत. एकदाही एकाचे नाव दुसऱ्यावाचून येत नाही. त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट ही की, जुन्यांत जुन्या हस्तलिखितांप्रमाणे या सहांपैकी चार ठिकाणी पत्नीचे नाव अगोदर आहे व दोन ठिकाणी पतीचे. पंडित लोक याची निरनिराळी कारणे देतात. मला त्यात एवढे दिसते की, त्या घरात कोण पुढे व कोण मागे याचा हिशेब कोणी ठेवीत नव्हते. अपुल्लोसारख्या विद्वानास जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, तोही दोघांनी मिळून. एक तंबू दोन्ही बाजूंनी ताणला जातो म्हणूनच उभा राहतो, हे त्यांना त्यांच्या धंद्यानेच शिकविले असेल.

आता आपल्या प्रांतातील दोन जोडप्यांकडे पाहू. पहिले जोन विल्सन व मार्गारेट विल्सन यांचे. लग्न १८२८ साली, आणि १८२९ च्या फेब्रुवारीत दोघे स्कॉटलंडाहून मुंबईस पोहोचली. प्रथम ती आपल्याच कोकणात, बाणकोट व हर्णै येथील मिशनात, मराठी शिकण्यासाठी राहिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस येऊन त्यांनी घर मांडले. विल्सनसाहेबांचे नाव आज मुंबईच्या कॉलेजाला आहे. बेने इस्राएल लोकांसाठी त्यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून १८३२ साली छापले, तेही आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने विसरण्यासारखे नाही. परंतु त्याच छपराखाली दुसरे एक काम चालले होते. मार्गारेटबाई स्वतः मराठी शिकल्या आणि ज्या काळी मुलीने अक्षर ओळखणे हे अशुभ समजत, त्या काळी त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. ते काम नवऱ्याच्या कामाची शेपटी नव्हते. ते त्यांचे स्वतःचे पाचारण होते. १९ एप्रिल १८३५ रोजी त्या वारल्या. मुंबईत त्यांना पुरती साडेपाच वर्षेही मिळाली नाहीत. पुढे त्यांच्या बहिणी येऊन त्या कामास लागल्या.

या दोघांचे उदाहरण देताना मी एक गोष्ट लपवीत नाही. नव्या शहरात दोन कामे एका घरातून चालविण्याची किंमत फार मोठी असते, आणि ती किंमत बहुधा स्त्रीच्या अंगावर अधिक पडते. बाहेरचे काम, परकी भाषा, परकी हवा, मुलांची दुखणी आणि पुन्हा स्वयंपाकघर! जो पती पत्नीस 'तू नोकरी कर' असे उदार मनाने म्हणतो आणि संध्याकाळी जेवणाच्या ताटावर तिची वाट पाहत बसतो, त्याने तिला एक काम दिले नाही, तर दोन दिली.

दुसरे जोडपे गोपाळराव व आनंदीबाई जोशी यांचे. हे ख्रिस्ती घर नव्हे. तरी त्यातून शिकण्यासारखे फार आहे. आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा, लग्न नवव्या वर्षी. गोपाळराव पोस्टात नोकरीस असून वयाने सुमारे वीस वर्षांनी वडील. पत्नीस शिकवावयाचे या एका हेतूने या गृहस्थाने बदल्या मागून घेतल्या. कल्याणहून आपले अलिबाग, तेथून कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असे ते घर फिरत राहिले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मूल झाले, आणि ते दहा दिवसांत गेले. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टरीण झाल्या, आणि परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वय बावीसही पुरे नव्हते.

गोपाळरावांनी जे केले ते त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच कोणी केले असेल. घर पत्नीच्या शिक्षणाच्या पावलांनी चालले. पण ती पावले तिची होती काय? अभ्यासात चुकारपणा केला म्हणून ते तिला मारीत; पुढे अमेरिकेहून लिहिलेल्या पत्रांत तिने त्या मारहाणीची आठवण त्यांना दिली आहे. तिला पुढे शिकावयाचे मनापासून होते हेही खरे. तिचे धैर्य तिचे स्वतःचे होते. परंतु या कथेतून मी हा धडा घेतो की, घर कोणाच्या कामासाठी हलले एवढे विचारून भागत नाही. ते हलविताना दोघांस विचारले होते काय, हेही पाहावे लागते. पत्नीस घरात कोंडणे हा जुलूम आहे. तिला न विचारता पुढे ढकलणे हाही जुलूमच आहे, जरी त्याला सुधारणेचे नाव दिले तरी. आणि हाच नियम पतीलाही लागू आहे. जो पुरुष लोकलज्जेने किंवा भांडणाच्या कंटाळ्याने पत्नीच्या मागे जातो आणि मनात कुढत राहतो, त्याचे जाणे हे देणे नव्हे. ते कर्ज आहे, आणि ते तो पुढे व्याजासह वसूल करील.

आता मागे राहणाऱ्यांविषयी. हाच या प्रश्नाचा कठीण भाग आहे, आणि अष्टमीच्या त्या आईच्या घरात बसलेल्या कोणासही तो सोपा वाटणार नाही.

मराठीत दोन क्रियापदे आहेत : सोडणे आणि टाकणे. रोप वाफ्यातून सोडवून शेतात लावतात; त्याला कोणी टाकले असे म्हणत नाही. परंतु नवरा जिला नांदवीत नाही तिला आपण 'टाकलेली' म्हणतो. पुरुषाने आईबापांस सोडावे असे देव म्हणतो. टाकावे असे तो कोठेच म्हणत नाही. उलट, प्रभू येशूने परूश्यांस याच गोष्टीवरून कडक शब्दांत दोष दिला. मार्काच्या सातव्या अध्यायात हे आहे : आपले धन 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून ते लोक आईबापांस द्यावयाचे चुकवीत. आजचे कुर्बान निराळे आहे. 'फ्लॅटचा हप्ता', 'मुलांची शाळा', 'रजा नाही' ही त्याची नावे आहेत. ही कारणे खोटी नसतात. परूश्यांचे अर्पणही खोटे नव्हते. खऱ्या कारणाची ढाल करून खरे कर्तव्य चुकविणे, हेच ते पाप होय.

आणि रूथचे पुस्तक तर आपण वाचलेच आहे. तेथे सून सासूस सोडीत नाही, एवढेच आपण सुनांना सांगतो. परंतु त्या पुस्तकाचा आरंभ पाहा. दुष्काळ पडला म्हणून नामी आपल्या पतीबरोबर बेथलेहेम सोडून मवाबास गेली होती, म्हणजे तीही एकदा तरुणपणी नव्या देशात घर मांडणारी सून होती. जी स्वतः सोडून गेली होती, तिने आपल्या सुनांस बांधून ठेवले नाही. तिने त्यांस आशीर्वाद देऊन मोकळे केले. आणि मोकळे केले म्हणूनच रूथचे राहणे हे प्रेमाचे राहणे झाले. बांधलेली सून घरात राहते. मोकळी केलेली सून बरोबर राहते.

आपल्या अष्टमीच्या नावाचीच एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. कोकणात फार प्राचीन काळापासून बेने इस्राएल लोक राहत आले. तेल गाळणे हा त्यांचा धंदा, आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. अठराव्या शतकापासून त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे मुंबईस गेली. १७९६ साली तेथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर झाले. आणि १९४८ नंतर पुष्कळजण इस्राएल देशास गेले. परंतु जाताना त्यांनी गावांची नावे आडनावांत बांधून नेली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, आणि अष्टमकर. दोन-तीन पिढ्या शहरात किंवा समुद्रापार राहूनही त्यांच्या नावाच्या शेवटी आपला गाव आहे. गाव सोडणे निराळे आणि गाव टाकणे निराळे, हे त्यांच्याकडून शिकावे. आपली तरुण माणसे शहरात गेली की पहिली गोष्ट आपल्या गावाचे, जातीचे आणि कित्येकदा आपल्या मंडळीचेही नाव झाकतात. झाकण्याची कारणे मी जाणतो. भाड्याची खोली मिळविताना आपल्या लोकांस काय काय विचारले जाते हे मला ठाऊक आहे. तरी मी म्हणतो, जे नाव झाकावे लागते ते हळूहळू विसरले जाते, आणि नावाबरोबर त्या नावाची म्हातारी माणसेही.

अष्टमीहून पुण्यास जाणारी वाट कोलाडवरून ताम्हिणीच्या घाटाने वर चढते आणि मुळशीच्या धरणाच्या काठाने जाते. त्या धरणाचे पाणी, ज्याला मुळा नदीने पूर्वेकडे जावयाचे होते, ते डोंगरातून पश्चिमेस वळवून भिऱ्याच्या वीजगृहात सोडले आहे. १९२७ पासून ते तेथे चक्रे फिरविते, आणि मग कुंडलिकेत येते. म्हणूनच कोकणातील इतर नद्या चैत्रात कोरड्या पडतात तेव्हाही आमची कुंडलिका वाहत असते. घाटावरून सोडलेल्या पाण्याने कोकणाचा फायदा झाला. परंतु त्या धरणाखाली ज्यांची शेते बुडाली, त्या मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ पर्यंत सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, आणि ते हरले. अष्टमीच्या पुलावरून वाहते पाणी पाहताना मला दोन्ही गोष्टी आठवतात. जे आपल्या जागेवरून वळविले जाते ते दुसरीकडे प्रकाश देऊ शकते. आणि त्या प्रकाशाची किंमत कोणीतरी अंधारात बसून दिलेली असते. शहरातील प्रत्येक सुखी ख्रिस्ती घराने विचारावे : आमच्या दिव्याची किंमत कोण देत आहे?

त्या घरी मी पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी मी उपदेश केला नाही. तिघांस समोरासमोर बसविले, आणि माझे पहिले बोलणे चुकले होते असे सांगितले. पाळकाने असे सांगणे सोपे नसते. पण ते सांगितल्यावाचून पुढचे बोलणे खरे झाले नसते. मग मी तिघांस एकच गोष्ट विचारली : तुम्हांस भीती कशाची वाटते? मुलगा म्हणाला, 'सात वर्षांची नोकरी सोडून तिकडे पुन्हा कंत्राटावर लागावे लागेल, लोक हसतील.' सून म्हणाली, 'येथे राहिले तर जे शिकले ते विसरेन, आणि त्याचा राग माझ्या मनात राहील.' आईने बराच वेळ काही सांगितले नाही. शेवटी ती म्हणाली, 'मला एकटीला मरायचं भय नाही. माझ्यावाचून तुमचं अडत नाही हे मला कळेल, त्याचं भय आहे.'

त्या दिवशी निकाल लागला नाही. परंतु तिघांच्या मनातील गोष्ट प्रथमच उघड्यावर आली, आणि निकालास वाट झाली. पुढे महिन्याभराने ती दोघे पुण्यास गेली. मुलास कमी वेतनाचे कंत्राटी काम मिळाले. ते अजून कायम झालेले नाही. सुनेस रात्रपाळ्या असतात, तेव्हा स्वयंपाक तो करतो. भात करपतो असे तो हसून सांगतो. आईने अष्टमी सोडली नाही. तिला तिकडे नेण्याचा हट्ट त्यांनी केला नाही आणि विसरही पाडला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांपैकी एक तरी घरी असते, आणि मंडळीतील बाया पाळीपाळीने रात्री तिच्या सोबतीस जातात. सर्व सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. परवा मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, 'पाळकसाहेब, सून बरोबर होती. तरी संध्याकाळी दोन ताटं जास्तीची काढली जातात.' याला माझ्याजवळ काही उत्तर नव्हते, आणि असावे असेही मला वाटत नाही.

तर या विचाराचे फळ थोडक्यात सांगतो. जी दोघे जाणार आहेत त्यांनी, जाण्यापूर्वी, कोणाच्या कामासाठी जात आहो हे एकमेकांशी उघडपणे बोलावे. ज्याने अधिक सोडले त्याचे ऋण दुसऱ्याने तोंडाने कबूल करावे. आज एकाच्या पावलांनी घर चालले तर उद्या दुसऱ्याच्या चालीस जागा ठेवावी. दोन वेतने दोन पेट्यांत ठेवू नयेत, आणि त्यातील आईबापांचा वाटा हप्त्यांच्या नंतर नव्हे, हप्त्यांच्या आधी काढावा. नव्या शहरात पहिल्या महिन्यातच मंडळी शोधावी; यिर्मयाने बाबेलात गेलेल्या लोकांस त्या शहराच्या हितासाठी झटण्यास व प्रार्थना करण्यास सांगितले, तसे शहरास केवळ पगाराचे ठिकाण समजू नये.

पतींनी ध्यानात ठेवावे की सोडण्याची आज्ञा प्रथम त्यांना आहे. सासवांनी नामीची आठवण ठेवावी. आणि आम्ही जे गावच्या मंडळ्यांत पाळक, उपदेशक व वडील आहो, त्या आम्ही दोन गोष्टी कराव्या. जाणाऱ्यांच्या हाती त्या शहरातील मंडळीच्या नावे पत्र द्यावे, म्हणजे ती तेथे अनोळखी राहणार नाहीत. आणि त्यांच्या घरी जे मागे राहतात त्यांच्या दारात आपल्या चपला दिसाव्यात. तरुणांस 'म्हाताऱ्या आईस सोडून कोठे जातोस?' असे विचारण्याचा हक्क त्याच मंडळीला आहे, जी त्या आईला स्वतः सोडीत नाही.

घर कोणाच्या पावलांनी चालावे? एकदा पतीच्या, एकदा पत्नीच्या, आणि सर्वकाळ त्या प्रभूच्या, ज्याला डोके टेकावयास स्वतःचे ठिकाण नव्हते, तरी वधस्तंभावरून ज्याने आपल्या आईची सोय करण्यास विसर पडू दिला नाही. त्याच्यामागे चालणाऱ्या घरात पुढे कोण आणि मागे कोण हा वाद फार दिवस टिकणार नाही. तो आपल्या गावच्या आणि शहरच्या सर्व घरांस ही कृपा देवो. आमेन.